वावर आणि आभाळ : सपाट मुलखातील छायाचित्राची रचना

अकोटहून दर्यापूरकडे जाताना पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात एखाद्या पांदणीच्या तोंडाशी गाडी थांबवून उतरले, तर चहूबाजूंनी जमीन इतकी सपाट पसरलेली दिसते की नजर कुठे टेकवावी हेच कळत नाही. सह्याद्रीत कडे आणि दऱ्या असतात, कोकणात समुद्र असतो. तेथे छायाचित्राचा निम्मा आराखडा निसर्गानेच आखून ठेवलेला असतो. वऱ्हाडात आपल्या हाती एक आडवी रेघ येते, तिच्याखाली वावर आणि तिच्यावर आभाळ. एवढ्या थोडक्या सामानावर चित्र उभे करायचे असल्यामुळे रचनेतील लहानशी चूकही येथे झाकली जात नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी मोबाइलनेही तितक्याच साधतात, कारण आपण कुठे, कोणत्या वेळी आणि विशेषतः किती उंचीवर कॅमेरा धरतो यावर त्या अवलंबून आहेत.

चित्र कोणाचे, हे आधी ठरवावे

कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वी हे चित्र आभाळाचे आहे की वावराचे, हे मनाशी पक्के करावे. सुरुवातीच्या वर्षांत हस्ताच्या पावसाचे ढग टिपण्यासाठी मी एक अख्खी संध्याकाळ सोयाबीनच्या वावरात घालवली आणि घरी येऊन पाहतो तो जवळपास प्रत्येक चौकटीत क्षितिज बरोबर मधोमध. ढग उत्तम होते, पिवळे पडू लागलेले सोयाबीनही उत्तम होते, पण पाहणाऱ्याने नेमके काय पाहावे याचा निर्णय मी केलेलाच नव्हता.

छायाचित्रणाच्या प्रत्येक वर्गात शिकवला जाणारा तृतीयांशाचा नियम १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने लिहून ठेवला, तोही ग्रामीण निसर्गचित्रांविषयी लिहिताना. आभाळाला चित्राचा दोन तृतीयांश किंवा एक तृतीयांश भाग द्यावा, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे हा नियम मुळात आपल्याच विषयाचा आहे. मात्र वऱ्हाडातील आभाळासाठी तो मला पुष्कळदा अपुरा वाटतो. आर्द्रा किंवा पुनर्वसू नक्षत्रात पश्चिमेकडून ढगांची फळी चढत असेल, तर जमिनीला चौकटीचा पाचवा किंवा सहावा हिस्सा पुरतो. खाली काळ्या मातीची एक पट्टी आणि एखादी बाभूळ असली म्हणजे ढग किती अफाट आहेत हे कळते. उलट एप्रिल-मे महिन्यांत आभाळ धुळीने पांढुरके झालेले असते. अशा आभाळाला चौकटीच्या वरच्या कडेशी बोटभर जागा द्यावी किंवा ते सरळ वगळावे आणि नांगरटीची ढेकळे, धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) कडुनिंबाची सावली, वखरणीच्या रेघा यांवर चित्र उभारावे.

क्षितिज मधोमध ठेवण्यास एकच चांगले कारण मला ठाऊक आहे, आणि ते झाडीपट्टीत सापडते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानाच्या भागात रोवणीच्या वेळी बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, पाण्याने भरलेल्या असतात आणि वारा पडलेला असला की अख्खे आभाळ खाली उतरते. अशा वेळी वरचे आभाळ आणि पाण्यातले आभाळ समसमान ठेवले तरी चित्र मोडत नाही, कारण दोन्ही एकाच गोष्टीचे भाग असतात. पाण्यातले प्रतिबिंब मूळ आभाळापेक्षा नेहमी थोडे गडद येते, हे लक्षात ठेवावे.

कॅमेऱ्याची उंची

माझ्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर धरला असेल, तर जवळचे असो की लांबचे, बरोबर दीड मीटर उंचीचे प्रत्येक झाड, खांब किंवा माणूस क्षितिजाला टेकलेला दिसेल. त्याहून उंच वस्तूचा वरचा भाग आभाळात जाईल आणि ठेंगणी वस्तू पूर्णपणे वावरात बुडेल. डोंगराळ भागात हा हिशेब बिघडतो. आपल्या सपाट मुलखात तो जवळपास अचूक जुळतो.

याचा उपयोग कसा होतो ते पाहू. कापूस वेचणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत वाकलेल्या आहेत. आपण उभे राहून डोळ्याच्या उंचीवरून छायाचित्र काढले, तर त्यांची डोकी, पाठी आणि पऱ्हाटीची पाने एकमेकांत मिसळून सगळाच गोंधळ होतो, आणि एखादी बाई सरळ उभी राहिली की क्षितिजाची रेघ नेमकी तिच्या डोळ्यांवरून जाते. तेच आपण तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, गुडघा टेकून कॅमेरा त्यांच्या कमरेच्या उंचीवर आणला, तर कमरेपासून वरचे अंग मोकळ्या आभाळावर स्वच्छ उठून दिसते. माणूस दाखवायचा असेल तर खाली बसावे, असा साधा ठोकताळा यातून निघतो.

पिकाचे तास दाखवायचे असतील तर नेमके उलटे करावे लागते. जुलैतील वीतभर सोयाबीनमध्ये उभे राहिले की तास आणि मधली काळी माती दोन्ही स्पष्ट दिसतात. पण ऑक्टोबरमध्ये छातीएवढी झालेली पऱ्हाटी पुढच्या दोन-चार झाडांनीच मागचे सगळे वावर झाकून टाकते. तेव्हा उंची मिळवावी लागते. उभी असलेली बंडी (बैलगाडी), ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा रखवालीचे मचाण मिळाले, तर एक-दीड मीटरच्या फरकाने तासांच्या रेघा उलगडतात. मोनोपॉडला कॅमेरा लावून तो डोक्यावर उंच धरणे आणि दहा सेकंदांच्या टायमरने छायाचित्र घेणे हाही एक मार्ग आहे. त्यात क्षितिज वाकडे येते, म्हणून चार-पाच वेळा घ्यावे. विहिरीच्या कठड्यावर मात्र चढू नये. ड्रोन वापरणाऱ्यांनी २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नोंदणी आणि उड्डाणाचा परिसर तपासून घ्यावा; माझे स्वतःचे मत असे की फार वरून पाहिले की क्षितिज आणि आभाळ दोन्ही हातचे जातात आणि वावराचे गालिचे तेवढे उरतात.

तास, धुरे आणि पांदण

रेघा नजरेला चित्रात आत नेतात, हे सर्वांना माहीत असते. कोणती रेघ कुठून पाहावी, हे मला एका शेतकरी काकांनी शिकवले. मी तुरीच्या वावराच्या धुऱ्यावर बराच वेळ इकडेतिकडे करत होतो. काही वेळ माझी ही कसरत पाहून ते म्हणाले, “भाऊ, आडवे काहून उभे रायले? तासाच्या तोंडाशी या ना.” गोष्ट खरी होती. तास आडवे पाहिले की पिकाची नुसती भिंत दिसते. तासाच्या तोंडाशी आले की तीच भिंत फटीफटींनी उघडते आणि प्रत्येक रेघ क्षितिजावरच्या एका बिंदूकडे धावू लागते.

तो बिंदू चौकटीच्या मधोमध ठेवला तर चित्र पाठ्यपुस्तकातील आकृतीसारखे दिसते. म्हणून तासाच्या तोंडाशी उभे राहूनही कॅमेरा थोडा डावीकडे किंवा उजवीकडे वळवावा, म्हणजे बिंदू एका अंगाला सरकतो आणि रेघा तिरप्या पसरतात. बिंदूपाशी नजर पोचल्यावर तिला थांबायला काहीतरी हवे. झाड, खोपडी (झोपडी), गोठा, बैलजोडी यांपैकी काहीही चालते. तेथे काहीच नसेल तर ढगाची वाट पाहावी किंवा जागा बदलावी.

वऱ्हाडात दोन गोष्टी खास शोधण्याजोग्या आहेत. पहिली चौफुलीवर लावलेली कपाशी. दोन्ही बाजूंनी डवरा (कोळपे) फिरवता यावा म्हणून झाडे चौकोनात लावलेली असतात, त्यामुळे रेघा उभ्या दिसतात, आडव्या दिसतात आणि वावराच्या कोपऱ्यात उभे राहिल्यास कर्णाच्या दिशेनेही दिसतात. कोपऱ्यातून दोन पावले सरकले तरी रेघांचा सगळा नकाशा बदलतो, म्हणून तेथे घाई न करता अर्धा तास घालवावा. दुसरी म्हणजे सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून घेतलेली तूर. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघाले की रिकाम्या काळ्या जमिनीवर तुरीच्या विरळ ओळी तेवढ्या उभ्या राहतात, आणि पुढे त्या पिवळ्या फुलांनी भरतात. सपाट मुलखात याहून स्वच्छ रेघा मला कुठे मिळालेल्या नाहीत.

पांदण ही तर तयार वाट. ती सरळ असेल तर तिच्या चाकोरीत कॅमेरा गुडघ्याइतका खाली घ्यावा. पावसानंतर चाकोरीत पाणी साचलेले असते आणि आभाळाचे दोन चकचकीत पट्टे चित्राच्या तळापासून निघून आत जातात. धुरे मात्र क्वचितच सरळ असतात. झाडीपट्टीतील बांध्यांचे धुरे वळणे घेत जातात, आणि त्या वळणांना पकडण्यासाठी रुंद लेन्सपेक्षा ७० ते २०० मिलिमीटरची लांब लेन्स बरी, कारण ती वळणे एकावर एक रचून जवळ आणते. हीच लेन्स परतवाड्याच्या बाजूलाही कामी येते. तेथे संत्र्याच्या बागांच्या आणि वावरांच्या मागे उत्तरेला गाविलगडचे डोंगर उभे आहेत. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने ते दोऱ्याएवढे दिसतात, तर लांब लेन्सने ते पिकामागे भिंतीसारखे येऊन ठाकतात.

नको असलेल्या रेघाही असतात. विजेच्या तारा आभाळाला हमखास कापतात. त्या टाळता येत नसतील तर खांबांची रांगच चित्राचा विषय करावी. अर्धवट कोपऱ्यात घुसलेली एक तार मात्र संपूर्ण चौकट बिघडवते.

प्रकाशाची दिशा आणि महिना

विदर्भ साधारण १९ ते २१.५ अंश उत्तर अक्षांशांत येतो, आणि या एका गोष्टीतून प्रकाशाचे बरेचसे गणित निघते. मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास नागपूरच्या आसपास सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर असतो; त्यामुळे उन्हाळ्यात आणि उघडिपीच्या पावसाळी दिवसांत सकाळी नऊनंतर सावल्या आखडतात आणि नांगरटीचे खाचखळगे सपाट दिसू लागतात. डिसेंबरमध्ये मात्र सूर्य भर दुपारीही सुमारे ४५ अंशांवरच असतो, म्हणजे माणसाची सावली जवळपास त्याच्या उंचीएवढी पडते. हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या वावरात दिवसभर काम करायचे असेल तर हेच दिवस निवडावेत.

सूर्योदयाची जागाही वर्षभर सरकत असते. जूनअखेरीस तो नेमक्या पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवतो आणि डिसेंबरअखेरीस तेवढाच दक्षिणेकडे. एकूण फरक पन्नास अंशांचा. ज्या बाभळीच्या मागे आज सूर्य उगवलेला पाहिला, तिच्यामागे तो दोन महिन्यांनी सापडेलच असे नाही. तासांची दिशाही याच हिशेबात धरावी. पूर्व-पश्चिम तासांत सकाळचे ऊन सरळ वाहत जाते आणि मधे सावली पडत नाही. उत्तर-दक्षिण तासांवर तेच ऊन आडवे आदळते आणि प्रत्येक ओळीला सावलीची एक काळी रेघ मिळते. वर उल्लेख केलेले गाविलगडचे डोंगर उत्तरेला असल्यामुळे त्यांच्या घड्या हिवाळ्यात, आग्नेयेकडून येणाऱ्या तिरप्या उन्हात, सर्वांत चांगल्या दिसतात.

कोवळे ऊन फार वेळ टिकत नाही. आपल्या अक्षांशावर सूर्य सहा अंशांवरून क्षितिजाला टेकेपर्यंत जेमतेम पंचवीस मिनिटे ते अर्धा तास जातो, म्हणून चौकट शोधण्याचे काम त्याआधीच संपलेले असावे. सूर्य मावळल्यावर सामान आवरू नये. हिवाळ्यातील निरभ्र संध्याकाळी पाठ फिरवून पूर्वेकडे पाहावे. क्षितिजालगत निळसर करड्या रंगाचा पट्टा वर चढताना दिसतो आणि त्याच्यावर फिकट गुलाबी रंग असतो. तो करडा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली. सपाट मुलूख असल्यामुळे आपल्याकडे तो अगदी जमिनीपासून दिसतो, आणि वेचणीला आलेल्या कपाशीचा पांढरेपणा त्या मंद उजेडात फार सुरेख उतरतो.

चंद्रासाठी तिथी पाहावी. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, तोवर वावर अंधारू लागते. चतुर्दशीला तो पाऊण तास आधी वर आलेला असतो आणि जमिनीवर अजून ऊन असते, त्यामुळे चंद्र आणि वावर दोन्ही एकाच चौकटीत नीट येतात. कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी ढग नसतील तर तुरीच्या वावरात जाऊन पाहावे.

इंद्रधनुष्याचेही गणित सोपे आहे. ते सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, सुमारे ४२ अंशांच्या वर्तुळावर दिसते. सूर्य त्याहून वर असेल तर ते जमिनीवरून दिसतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये चारनंतर पश्चिमेला ऊन आणि पूर्वेला पाऊस असेल, तेव्हाच पूर्वेकडे तोंड करून थांबावे. अख्खी कमान टिपायची असेल तर मोबाइल उभा धरून, एक तृतीयांश भाग एकमेकांवर येईल अशा बेताने पाच-सहा छायाचित्रे घ्यावीत आणि नंतर ती जोडावीत.

डिसेंबर-जानेवारीतील धुके, ज्याला आपल्याकडे धुवारी म्हणतात, तुरीच्या फुलोऱ्याला मारक ठरते, आणि छायाचित्रकाराला तीच सकाळ पर्वणी वाटते. त्या दिवशी धुऱ्यावर भेटलेल्या शेतकऱ्याला “किती सुंदर वातावरण आहे” असे म्हणू नये, एवढे तारतम्य बाळगावे.

उजेडाचे माप

भारी काळी जमीन फार थोडा प्रकाश परत पाठवते आणि ओली झाल्यावर त्याहूनही थोडा. कॅमेऱ्याचे मोजमाप मात्र समोरचे सारे मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालते, म्हणून चौकटीत जमीन जास्त असली की काळी माती राखेसारखी करडी येते आणि आभाळ पांढरे पडते. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). आभाळ जास्त असले की उलटे होते आणि जमिनीचा काळा डाग उरतो. दोन्हींतील फरक फार असेल तर ट्रायपॉडवरून दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन छायाचित्रे घेऊन ती एकत्र करावीत. मोबाइलवर ढगाच्या सर्वांत उजळ भागाला बोट लावून तेथेच एक्स्पोजर पक्के करावे. सावलीतील तपशील नंतर थोडाफार उचलता येतो, जळालेला ढग परत येत नाही. फुटलेल्या बोंडांचीही हीच गत असते, म्हणून कपाशी सकाळी आठच्या आत संपवावी.

पोलरायझर फिल्टर सूर्यापासून ९० अंशांवरच्या आभाळावर सर्वाधिक परिणाम करतो. रुंद लेन्सवर तो लावला तर आभाळाचा एक भाग गडद निळा आणि बाजूचा फिकट, असा विचित्र पट्टा पडतो. सपाट मुलखातील मोकळ्या आभाळात हा दोष लपत नाही. ओल्या पानांवरची चकाकी काढण्यासाठी तो ठेवावा. फोकसविषयी एवढेच पुरे की, पूर्ण फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटर लेन्स आणि एफ ११ छिद्र (अॅपर्चर) असेल तर साधारण दोन मीटरवर फोकस केल्यास एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते.

वावरात वागताना

वावर कोणाच्या तरी मालकीचे असते. राम राम घालून विचारल्यावर मला आजवर क्वचितच कोणी अडवले आहे. न विचारता मात्र जाऊ नये, आणि उगवत्या पिकाच्या तासात पाय टाकू नये. रानडुकरांसाठी पुष्कळ ठिकाणी धुऱ्यावर झटका मशीनची तार ओढलेली असते. ती गवतात दिसत नाही, म्हणून पहाटेच्या अंधारात तर विचारल्याशिवाय कुंपण ओलांडूच नये. गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी दिसली तर लांब लेन्सनेच काम भागवावे आणि घरट्याच्या दिशेने एक पाऊलही टाकू नये.

वीज ही सपाट मुलखातील खरी भीती आहे. उघड्या वावरात आपण आणि आपला ट्रायपॉड हेच सर्वांत उंच असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजावे आणि पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे; एकट्या झाडाखाली थांबू नये. ओल्या काळ्या मातीत ट्रायपॉडचे पाय हळूहळू खचतात आणि क्षितिज न कळत कलते, त्यासाठी प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा किंवा जुन्या टायरचा चौकोन ठेवावा.

घरी आल्यावर

सर्वांत आधी क्षितिज सरळ करावे. डोंगराच्या चित्रात एक अंशाचा तिरपेपणा खपतो, येथे पाणी एका बाजूला वाहून जाईल असे वाटते. नंतर चौकट कापून पाहावी. कॅमेऱ्याने दिलेल्या आकाराला बांधून घेण्याचे कारण नाही; रुंदी उंचीच्या दुप्पट ठेवली तर वऱ्हाडातील पुष्कळ चित्रे मोकळी होतात. हिरवा रंग वाढवण्याचा मोह टाळावा, कारण सोयाबीनचा हिरवा थोडाही ताणला की प्लास्टिकसारखा दिसतो. दुसरीकडचे आभाळ आणून चिकटवणे मला मान्य नाही, आणि ते बहुधा ओळखूही येते, कारण जमिनीवरच्या सावल्या वेगळ्याच सूर्याची साक्ष देत असतात.

शेवटी एका वहीत तारीख, तिथी, वेळ, कोणत्या धुऱ्यावरून, कोणत्या दिशेला आणि कॅमेरा किती उंचीवर धरून छायाचित्र काढले, हे लिहून ठेवावे. पीकही लिहावे, कारण पुढच्या वर्षी त्याच वावरात कपाशीऐवजी सोयाबीन असेल आणि तेव्हा मचाण शोधण्याऐवजी नुसते उभे राहून भागेल.